सात हेतू आणि सोळा पानं

चष्मा काढायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, धोतराच्या सोग्याने पुसायचा आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटून त्यातून बघायचं. मग म्हणायचं, "आता सांगा, लेखकाला इथे काय बरं म्हणायचं आहे?" आमच्या मराठीच्या सरांचा तास असा सुरू व्हायचा. खिडकीबाहेर लेखक उभा आहे आणि सरांनी त्याला काचेत नेमका पकडला आहे, असं आम्हाला वाटे. खरं म्हणजे खिडकीबाहेर सायकली ठेवायची पडवी होती आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जात. लेखक तिथे काय करणार!

सर प्रश्न विचारत, पण उत्तराची वाट पाहत नसत. लेखकाला काय म्हणायचं आहे हे लेखकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. नसला तर तुमचं शिक्षण अर्धवट राहिलं म्हणायचं.

ही यवतमाळची, साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. कॉलेजात मुली मोजून नऊ. मराठी शिकवायला हे एकच सर. त्यांनी एक पद्धत बसवली होती. कोणत्याही पुस्तकामागे लेखकाचे सात हेतू असतात. सहा नाहीत, आठ नाहीत. सामाजिक, नैतिक, कलात्मक, राष्ट्रीय, मनोवैज्ञानिक, अप्रत्यक्ष आणि सातवा गूढ. गूढ हेतू म्हणजे ज्याबद्दल सरांनाही काही सांगता येत नसे, म्हणून त्याला सगळ्यांत जास्त गुण. प्रत्येक हेतू लाल शाईने लिहायचा, खाली पट्टी लावून रेघ मारायची. रेघ वाकडी आली तर अर्धा गुण कापत. लेखकाचा हेतू सरळ असतो म्हणे.

सर आमच्याच गल्लीत राहत. त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक कुडाची भिंत, त्यामुळे त्यांचं घरचं साहित्यही आमच्या कानावर येई. एकदा जेवताना सरांचा आवाज आला, "आज ताटात लोणचं नाही. यामागे काय हेतू असावा?"

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आतून म्हणाल्या, "हेतू कायले लागते? बरणी सरली."

पुढे फक्त वरणाचा भुरका ऐकू आला. पण मला खात्री आहे, त्यांनी मनातल्या मनात तो अप्रत्यक्ष हेतूत टाकला असेल.

आता त्या काळातली मी. तिच्याबद्दल बोलायला मला फार आवडतं, कारण ती आता उलट उत्तर देऊ शकत नाही. दोन वेण्या, हिरव्या शाईचं पेन आणि नाक असं वर, की पावसात बाहेर पडली असती तर बुडून मेली असती. घरी आई-बाबा, शेजारीपाजारी, सगळे 'मले-तुले' बोलत. ही बया मात्र 'मला-तुला' म्हणे, आणि तेसुद्धा अशा थाटात, की पुण्याचं पाणी रोज टाकीतून हिच्यासाठीच येतं. सरांची लाडकी. इतर पोरं हेतूला अर्धं पान देत, ही तीन-तीन पानं देई. गूढ हेतू लिहिताना तर हिचं पेन थांबत नसे. ज्यात काही माहीतच असावं लागत नाही, तिथे थांबायचं कशाला?

अभ्यासाला एक जुनी, गाजलेली कादंबरी होती. नाव सांगत नाही. नाव ऐकलं की लोक न वाचताच डोळे मिटून मान डोलावतात. भागी नावाच्या बाईची गोष्ट. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा घर सोडून जातो. बारा वर्षं ती भावांच्या घरी राबते, भावजयांची पोरं वाढवते. शेवटी एका दुपारी दारावर थाप पडते. भागी पीठ मळत असते. ती उठते, हात पुसते. "तिने दाराची कडी काढली आणि" — बस्स. पान संपलं, पुस्तक संपलं.

"पूर्णविरामसुद्धा नाही!" सर टेबलावर हात आपटत. "केवढं धाडस! अख्ख्या मराठी वाङ्मयात एवढं धाडस कोणी केलेलं नाही. सगळं त्या 'आणि'मध्ये आहे."

त्या एका 'आणि'वर सर तीन दिवस शिकवत. पहिल्या दिवशी सामाजिक आणि नैतिक, दुसऱ्या दिवशी पुढचे तीन. तिसऱ्या दिवशी गूढ हेतूपर्यंत पोचले की त्यांचा आवाज खाली येई. "म्हणून मी म्हणतो, आणि..." एवढं बोलून ते पुस्तक काखेत मारून वर्गाबाहेर निघून जात. आम्ही दहा मिनिटं तसेच बसून राहायचो. मग कोणीतरी शिंकायचं आणि तास संपायचा.

कादंबरी बाजारात मिळत नव्हती. प्रकाशक दरवर्षी 'छापतो आहोत' असं कळवी आणि दरवर्षी न छापी. गावात प्रत एकच, कॉलेजची. कापसाच्या एका व्यापाऱ्याने ती चामड्याची बांधणी करवून, वर सोनेरी अक्षरं ठोकून भेट दिली होती. ती सरांच्या कपाटात असे, कपाटाला कुलूप असे आणि किल्ली सरांच्या कोटाच्या आतल्या खिशात. सर त्यातले निवडक उतारे वाचून दाखवत. बाकी आम्ही टिपणांवर जगत होतो.

म्हणजे काय, लक्षात आलं ना? मी ती कादंबरी वाचलीच नव्हती. तरीही त्या वर्षी स्नेहसंमेलनात 'कडी, दार आणि मौन' या माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. पितळेची फुलदाणी. निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापून आला. त्यात एक वाक्य आहे: 'भागीने काढलेली कडी ही समस्त स्त्रीजातीच्या अंतरात्म्याची कडी होय.' हे लिहिणारीला घरच्या फाटकाची कडी नीट लावता येत नव्हती. रोज कोणाची तरी गाय आत शिरायची आणि आई अंगणातून ओरडायची, "कडी लावली काय वं अवदसे?"

आमच्या नऊ जणींत सुलोचना नावाची एक मुलगी होती. राळेगावकडच्या खेड्यातली, इथे मावशीकडे राहायची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. थोरला भाऊ तिथेच कापडाच्या गिरणीत लागला. महिन्या-दोन महिन्यांनी तो फुटपाथवरची जुनी पुस्तकं बहिणीला पाठवायचा. जे हाती लागेल ते. शेतीचं, औषधी वनस्पतींचं, एकदा तर पाण्याचे पंप दुरुस्त करायचं. तिने तेही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मावशीच्या वाड्यातला हापसा दुरुस्त करून दाखवला.

ती वर्गातही घरच्यासारखीच बोले. मी तिला सुधारायला जायची. "मले नाही गं, मला म्हण."

"तुले समजलं ना?" ती म्हणे. "मंग झालं."

डिसेंबरात चाचणी परीक्षा झाली. चाचणी म्हणजे गंमत नव्हे. तीत एका विषयात जरी नापास झालं तरी कॉलेज तुमचा फॉर्म विद्यापीठाकडे पाठवत नसे. फॉर्म अडला की वर्ष गेलं. मराठीत पन्नास गुणांचा एकच प्रश्न होता: 'सदर कादंबरीचा शेवट अपूर्ण ठेवण्यामागील लेखकाचे हेतू स्पष्ट करा.' मी बावीस पानं लिहिली. दोनदा पुरवण्या मागितल्या आणि दोन्ही वेळा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. सुलोचनाने दीड पान लिहिलं आणि उठून गेली. मला तिची दया आली. माझी दया त्या काळी फार स्वस्त होती.

पेपर मिळाले त्या दिवशी सरांनी तिचा पेपर बोटांच्या चिमटीत धरून वर्गात वाचला.

"ऐका. 'शेवट अपूर्ण नाही. भागी दार उघडते. बाहेर तिचा नवरा उभा असतो. ती त्याला पाणी देते.'" सरांनी कागद खाली केला. "पाणी देते! कुमारी, चहा का नाही दिला?"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे. कोंबडीच्या मागे कुत्रं लागल्यासारखं.

सुलोचना उभी राहिली. "चहा तवा घरोघरी नव्हता, सर. पुस्तकात पानीच हाये."

"कोणत्या पुस्तकात?"

"माह्या पुस्तकात."

"अस्सं! लेखकाने तुमच्यासाठी वेगळी कादंबरी लिहिली वाटतं. शून्य. बसा खाली."

तास संपल्यावर नळावर ती मला भेटली. रडत नव्हती. ओंजळीने पाणी पीत होती. "माह्या गावाजवळ पाचवीपासून नवी शाळा निंगून राह्यली," ती म्हणाली. "कमिटीवाले म्हणतात, जूनमधी बी.ए. होऊन आली तर तुलेच घेतो. नाही तर वर्ध्याचा एक मास्तर तयार हाये. पुढच्या वर्षी माह्यासाठी कोन जागा धरून ठेवते? फॉर्म गेला पायजे."

मी म्हणाले, "तू सात हेतू लिहायचे होतेस."

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या आईने त्या गायीकडे पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी तिने पुस्तक आणलं. निळ्या फडक्यात बांधलेलं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही, सुरुवातीची सोळा पानंही नाहीत. पुस्तक थेट सतराव्या पानापासून सुरू होत होतं. कडेने तिच्या आईने गोधडीच्या दोऱ्याने टाके घातलेले. तिने ते सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी त्याला हात लावला नाही. छडीच्या टोकाने उलटून पाहिलं.

"याला नाव कुठे आहे? लेखक कुठे आहे? हे तेच पुस्तक कशावरून?"

"तुमचं उघडा, सर, अन् माहं उघडा. दोन्ही बाजूबाजूनं वाचून पाहू."

"ज्याला मुखपृष्ठ नाही, त्या ग्रंथाशी मी बोलत नाही," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

फॉर्मवर सही करायचं काम सरांचंच होतं. सोमवारी शेवटची तारीख. शनिवारी सुलोचना माझ्याकडे आली. सरांकडून ती चामड्याची प्रत मिळवू शकेल असं गावात एकच माणूस होतं. मी. तिला माझी गरज आहे, या विचाराने माझं नाक आणखी दोन बोटं वर गेलं. मी हो म्हणाले. चांगुलपणा वगैरे काही नाही हो. तिचं पुस्तक खोटं आहे हे मला तिच्यासमोर, पानोपानी सिद्ध करायचं होतं.

निबंध वाढवायचा आहे असं सांगून मी सरांकडे प्रत मागितली. सरांनी किल्ली काढली. "हात धुतले?" असं विचारलं आणि तान्हं मूल द्यावं तसं पुस्तक दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं.

रविवारी सकाळी कॉलेजच्या वाचनालयात आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती तिच्या पुस्तकातून मोठ्याने वाचायची आणि मी सरांच्या प्रतीत ओळींवरून बोट फिरवायची. मधेच कुठेही उघडायचं आणि ताडून पाहायचं. शब्दाला शब्द लागत होता. पन्नासावं पान, एकशे बारावं, दोनशे चाळिसावं. भागी दोन्ही पुस्तकांत सारखीच दळत होती, सारखीच बोलणी खात होती. तिच्या पुस्तकाला डोकं नव्हतं एवढंच. बाकी अंग तेच.

मग दोनशे अठ्ठ्याऐंशीवं पान आलं. "तिने दाराची कडी काढली आणि," सुलोचनाने वाचलं. माझं बोट 'आणि'वर आलं. त्यापुढे माझ्या हाताखाली गुळगुळीत चामडं होतं. सुलोचनाने पान उलटलं आणि ती वाचतच राहिली.

पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांत छापतात. फर्मा म्हणतात त्याला. व्यापाऱ्याच्या बाइंडरने चामडं चढवलं, सोनेरी अक्षरं ठोकली आणि शेवटचा फर्मा दुकानातच विसरला. एवढंच. ते केवढं धाडस, ते मौन, तो गूढ हेतू, सगळं त्या बाइंडरचं. सहा-सात वर्षं आमच्या कॉलेजची पोरं बिनशेवटाची बी.ए. होत होती. नागपूरला पेपर तपासणाऱ्यांना तरी शेवट ठाऊक होता की नाही, देव जाणे. लाल रेघा सरळ दिसल्या की ते पास करत असावेत.

आणि शेवट? भागी दार उघडते. नवरा उभा असतो. आधी ती त्याला पाणी देते. मग चांगली तीन पानं भरून त्याची खरडपट्टी काढते. मग जेवायला वाढते. आणि त्याच्यानंतर, जुन्या लेखकांची रीत होती तशी, शेवटच्या दोन पानांत लेखक स्वतः येऊन बोलतो. तो म्हणतो, ही गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची. तिचा नवरा बारा वर्षांनी खरोखरच आला होता. त्या दिवशी दाराची कडी मी धरून ठेवली होती. ती मागून 'उघड रे' म्हणत होती. मी उघडलं नाही. तो परत गेला. बहीण त्यानंतर माझ्याशी बोलली नाही, आणि आता ती नाही. खऱ्या घरात जे दार उघडलं नाही, ते कागदावर उघडलं. त्याची लाज वाटते, म्हणून लिहिलं.

सुलोचनाने पुस्तक मिटलं. आता तुम्हाला वाटत असेल, माझे डोळे भरून आले, मी तिचे हात धरले. छे. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "माझी फुलदाणी परत घेतील का गं?"

आणि दुसरं त्याहून वाईट: "आपण हे कोणाला सांगायला नको."

"तुही फुलदानी तू ठेव, माय," सुलोचना म्हणाली. "तिच्यात फुलं लाव, नाही तर चिल्लर ठेव. मले फॉर्म पायजे."

तेवढ्यात सर आले. रविवारी ते वर्तमानपत्र वाचायला येत. टेबलावर दोन पुस्तकं पाहून थबकले. सुलोचना उठली. काही न बोलता तिने आपलं पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. या वेळी छडी जवळ नव्हती. सरांना ते हातात घ्यावंच लागलं.

सर उभ्यानेच वाचत होते. सोळाच्या सोळा पानं. चष्मा पुसला नाही, खिडकीकडे धरला नाही. शेवटच्या पानावर ते बराच वेळ थांबले. एकदा पान उलटून मागे गेले, पुन्हा पुढे आले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली तेव्हा दचकले. मग त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हा फर्मा प्रक्षिप्त आहे."

"म्हंजे?" सुलोचनाने विचारलं.

"मागाहून घुसडलेला. प्रकाशकाचं काम. लोकांना गोड शेवट हवा असतो. एवढा मोठा लेखक असा अंगणात येऊन रडेल का? मूळ कृती 'आणि'पाशीच संपते." सर बोलत होते, पण आवाज वर्गातला नव्हता. नळाचं पाणी जाता जाता येतं तसा तो तुटत होता.

सुलोचना म्हणाली, "बरं सर. प्रक्षिप्त तर प्रक्षिप्त. माह्या फॉर्मचं काय?"

सर खाली बसले. टेबलावरच्या पुस्तकाच्या त्या गोधडीच्या टाक्यांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग आतल्या खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली. "कपाटात वरच्या कप्प्यात फॉर्म आहेत. घेऊन या."

मी फॉर्म आणला. सरांनी सही केली. पण चाचणीत नापास मुलीची शिफारस करायची तर कारण लिहावं लागे. सर पेन हातात धरून विचार करत राहिले. चूक कबूल केली असती तर एका ओळीत काम भागलं असतं. पण ती ओळ त्या माणसाच्या पेनात भरलेलीच नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'उमेदवाराने कादंबरीच्या प्रक्षिप्त भागाचा सखोल अभ्यास केला आहे. परीक्षेस बसू द्यावे.' खाली रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा वाकडी आली. सोमवारी फॉर्म नागपूरला गेला.

मार्चमध्ये परीक्षा झाली. कादंबरीवर प्रश्न आला तो तोच, लेखकाचा हेतू. सुलोचनाने शेवटची सोळा पानं धरून लिहिलं आणि काठावर पास झाली. मी, जिने तो शेवट स्वतःच्या कानांनी ऐकला होता, जिला लेखकाने स्वतःच्या तोंडाने कारण सांगितलं होतं, तिने काय लिहिलं असेल? सात हेतू. लाल शाईत. मला तिच्यापेक्षा बरेच जास्त गुण पडले. पुढे मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागले आणि वर्षानुवर्षं तेच सात हेतू पोरींना लिहून दिले. हसा, हसा. माझी नात तर हे ऐकून खाटेवरून खाली पडली होती.

सरांनी कादंबरी शिकवणं सोडलं नाही. 'आणि'चे तीन दिवस मात्र दोनावर आले. तिसऱ्या दिवशी म्हणे ते वर्गाला स्वाध्याय देऊन बसून राहत.

सुलोचना जूनमध्ये शाळेत रुजू झाली. चार-पाच वर्षांनी तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिने सरांना पाहुणे म्हणून बोलावलं. सर तेव्हा निवृत्त झाले होते, एकटेच राहत होते. बाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांना सांभाळून न्यायला मी बरोबर गेले. एसटीने राळेगाव, तिथून पुढे बंडीने. सरांनी भाषण लिहून आणलं होतं, 'बालवाङ्मयातील हेतुविचार', चौदा पानं. बंडीत ते धोतर सावरत होते की भाषण, ते कळत नव्हतं.

पोरं जमिनीवर बसली होती. सरांनी चष्मा पुसला, खिडकी शोधली. शाळेला खिडकी नव्हती, नुसती भोकं होती. भाषण सुरू झालं. पहिल्या पानालाच दोन पोरं उठून गेली. एकाने दुसऱ्याच्या टोपीत माती भरली. सुलोचना मागून म्हणाली, "सर, पोट्ट्यायले गोष्ट सांगा ना."

सरांनी कागद खाली ठेवले. इकडे-तिकडे पाहिलं. आणि भागीची गोष्ट सुरू केली. दोन-तीन वाक्यं पुस्तकी मराठीत गेली आणि मग, त्यांच्याही नकळत, गल्लीतली भाषा त्यांच्या तोंडात आली. जन्मात वर्गात त्यांनी ती बोललेली मी ऐकली नव्हती. भागी दळत होती, भावजया बोलत होत्या, पोरं गप्प झाली होती. "मंग एक दिवस दुपारी दारावर थाप पडली. भागी उठली. हात पुसले. तिनं कडी काढली अन्..."

सर थांबले. वाटलं, आता कागद काखेत मारून हे शाळेबाहेर जाणार.

पुढे बसलेली एक लहानशी पोर म्हणाली, "मंग? उघडलं काय दार?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं.

"उघडलं," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय, नवरा उभा! तिनं आधी पानी देल्लं त्याले. अन् मंग असा झापला, असा झापला, का विचारू नका!" सरांनी भागीचं ते झापणं हातवारे करून करून दाखवलं. पोरं लोळून हसली. सुलोचना पदर तोंडाला लावून हसत होती. हसणं ओसरल्यावर सर हळू आवाजात म्हणाले, "पन खरी गोष्ट अशी हाये, पोट्टेहो, का खऱ्या बहिणीचं दार उघडलंच नाही. भावानं कडी धरून ठेवली."

"काहून?" तीच पोर.

सात हेतूंचा माणूस. त्याला एका चार फुटी पोरीने 'काहून', म्हणजे 'का', असं विचारलं होतं.

"मले माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "त्यानं तेवढं लिहिलं नाही. लाज वाटली, एवढंच लिहिलं."

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. जुनी खोड. मी म्हणाले, "सर, पण तो भाग तर प्रक्षिप्त होता ना?"

"चूप बस वं," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते मला एकेरीत बोलले. मग यवतमाळ येईपर्यंत बाहेरच्या कापसाच्या पऱ्हाट्यांकडे बघत राहिले.

त्यानंतरच्याच उन्हाळ्यात सर गेले. झोपेतच गेले. सकाळी पेपरवाल्याने दार वाजवलं, उत्तर आलं नाही. कुडाच्या भिंतीपलीकडे आता कोणी काही विचारत नव्हतं.

शाळा उघडल्यावर सुलोचनाचं कार्ड आलं. तिला कोणी कळवलं नव्हतं. कळवायचं काम माझं होतं, आणि मी ते उद्यावर ढकलत राहिले होते. तिने लिहिलं होतं, 'सरांना सांग, पोट्टे रोज विचारतात, ते म्हातारे गुरुजी पुन्हा कवा येतीन. मी काय सांगू त्यायले?'

मी उत्तर लिहायला बसले. चार पानं लिहिली. सरांचं जीवन, सरांचं वाङ्मयप्रेम, सरांच्या मौनामागचा अर्थ. हिरव्या शाईत. वाचून पाहिली आणि फाडून चुलीत घातली. मग एक कार्ड घेतलं आणि त्यावर लिहिलं, 'सर वारले. पोट्ट्यायले सांग, आता ते येत नाहीत.'